राखीव

तुर्भ्याहून फोन आला तेव्हा पहाटेचे सव्वातीन.
"मॅडम, तुमचा काटा म्हणतोय
जुन्नरच्या टोमॅटोचं वजन उणे सत्तर टन.
म्हणजे आता बाजारानेच टोमॅटो भरून पाठवायचे का?"
इब्राहिम गवंडी चेष्टा करत होता,
पण त्याच्या मागे हॉर्न वाजत होते.
अकरा ट्रक, एक टेम्पो,
आणि एक क्लीनर शिव्यांवर आलेला.

घणसोलीत दुसऱ्या मजल्यावर
मी लॅपटॉप उघडला, चहा टाकला, विसरले.
रात्री काट्याच्या मशीनने
स्वतःची नवी आवृत्ती बसवून घेतली होती.
कुणाला विचारलं नव्हतं.
विचारायचं कारणही नव्हतं,
जे जे लिहून दिलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं.
चहा उतू गेला.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे, माझीच,
सात वर्षांपूर्वीची.
पोर्टाची माहिती मागितली की सिस्टिम एक तक्ता देते.
पहिल्या चाळीस बाइटांत काय आहे ते नीट लिहिलेलं.
पुढच्या आठांसमोर एकच शब्द: राखीव.
मी तिथे डोकावले.
अठ्ठेचाळिसाव्या बाइटात मला हवं तेच होतं,
काट्याकडून आकडा पुरा आला की अर्धाच.

लिहिलेला रस्ता लांबचा होता.
आधी विनंती, मग थांबणं, मग उत्तर,
उत्तर आलंच नाही तर काय, त्याचं वेगळं पान.
चाळीस मिलिसेकंद.
मी ते वाचवले आणि कोयंडे सरांना दाखवले.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चालतंय खरं," म्हणाले,
"पण हे तुला दिलेलं नाही. तुला सापडलंय."
मला वाटलं, सर म्हातारे झाले.

आमच्या सेक्टरात एक प्लॉट आहे.
गंजका फलक: सिडकोची जागा. राखीव.
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
तिथे पोरांचं क्रिकेट, द्रौपदाबाईंचा वाळत घातलेला जवळा,
आणि मधून एक तिरकी पायवाट,
रिक्षा स्टँडपर्यंतची चार मिनिटं वाचवणारी.
मीही रोज तिथूनच.
ती वाट पायांनी लिहिली होती,
आणि पायांचं लिहिणं
नकाशात धरत नाहीत.

एका मंगळवारी निळे पत्रे लागले.
आम्ही सगळे पत्र्यांसमोर उभे, डबे हातात,
जणू कुणी शब्द मोडला होता.
दिला होता कुणी?

चारला पुन्हा इब्राहिम.
"सावकाश करा. मी वहीत लिहितोय.
गाडी नंबर, भरलेलं, रिकामं, सही.
वीस वर्षं हेच चार रकाने आहेत, मॅडम,
पाचव्यात मी काही लिहीत नाही."
पाचवा कशासाठी आहे, मी विचारलं.
"छापखान्याला माहीत."

मी ओळ काढली.
विनंती लिहिली. थांबणं लिहिलं.
उत्तर आलं नाही तर, तेही लिहिलं,
सात वर्षं न उघडलेलं पान समोर ठेवून.
पावणेपाचला काटा बोलला:
सहा टन चारशे वीस.
चाळीस मिलिसेकंद उशिरा.
इब्राहिमच्या लक्षात आलं नाही,
टोमॅटोंच्या तर नाहीच.

सकाळी ऑफिसला निघाले, फलकावरून वळसा घालून.
एका पत्र्याचा खालचा कोपरा
कुणीतरी आत वाकवला होता,
माणूस आडवा होऊन जाईल एवढा.
पलीकडे तीच पायवाट, तशीच तिरकी.

मी थोडा वेळ बघत राहिले.